भिंतीची माती

मद्रिमची खोली पाडली तेव्हा अनाबीबी बहिणीकडे गेली होती. परत आली तर अंगण उघडंबोडकं आणि शेताच्या कोपऱ्यात फोडलेल्या भिंतींची ढेकळं पसरलेली. ख्वारज्मच्या मुलखात जुन्या मातीच्या भिंती कोणी टाकून देत नाही. फोडून शेतात घालतात, पीक जोमानं येतं. तिचा नवरा मत्याकूब रीतीनंच वागला होता. पण रीत असली म्हणून काय झालं, बाईला विचारायचीही काही पद्धत असते.

मद्रिम त्यांचा एकुलता एक. रशियात बांधकामावर गेला आणि बंद पेटीतून परत आला. पेटी उघडायची नाही, असं सोबतच्या माणसानं बजावलं होतं. आईला तोंडही दिसलं नाही, त्यामुळे कबरस्तानातल्या उंचवट्याशी तिचं नातं कधी जुळलंच नाही. तिचा मुलगा खोलीत होता, डोकं टेकून टेकून भिंतीवर पडलेल्या तेलकट डागात होता. आता तो शेताच्या कोपऱ्यात होता.

ती रोज तिथं जायची. वसंतात शेताला युरिया पडला की ओढणीआड आणखी थोडा आणून कोपऱ्याला घालायची, पोराच्या ताटात पुन्हा वाढावं तसा. हिवाळ्यात सगळा गाव शेतात पाणी सोडून जमिनीतलं मीठ धुऊन काढतो. तेव्हा ही कोपऱ्याभोवती बांध घालायची. एवढ्या थंडीत त्याच्या अंगावर पाणी कशाला? मत्याकूब बघून न बघितल्यासारखं करायचा. पूर्वी तो तिला 'मद्रिमची आई' म्हणायचा. पेटी आली त्या दिवसापासून नुसतं 'अगं' म्हणू लागला.

कोपऱ्यात खरबुजांचे वेल नुसते माजायचे. पानं काळपट हिरवी, फळं उशीएवढी. तीच निवडून ती लव्हाळ्याच्या जाळीत टांगायची, वसंतातल्या नवरोजच्या सणापर्यंत टिकावीत म्हणून. आणि दरवर्षी थंडी पडते न पडते तोच फळं देठाकडून सडायची. बंद कोठीतून आंबूस वास यायचा, मधूनच एखादं फळ धप्पकन खाली पडायचं. दुपारच्या डुलकीतून ती दचकून उठायची. वाटायचं, पोरगं बाजेवरून पडलं. यंदाही सडली तेव्हा मत्याकूब म्हणाला, पुरे झालं, शेत पुतण्याला देऊन टाकू. पुतण्या बांध मोडून कापूस लावणार, हे ती जाणून होती. शेत गेलं की मद्रिम दुसऱ्यांदा जाणार होता.

म्हणून ती तालुक्याला माती तपासायला गेली. तिथं प्रयोगशाळेतल्या हुलकर नावाच्या मुलीनं नीट समजावलं, की शेतात नागमोडी चालत ठिकठिकाणची माती घ्यायची, बादलीत कालवायची आणि त्यातली पिशवीभर आणायची. अनाबीबीनं ऐकलं जनाचं, केलं मनाचं. पिशवी कोपऱ्यातच भरली. शेतातली सगळ्यात चांगली माती तीच, मग वाईट दाखवून लाज कशाला काढून घ्या? पाहुण्याला कोणी फुटक्या वाटीत चहा देतं का?

ती पुन्हा गेली तेव्हा हुलकर तपासणीच्या कागदाकडे नाही, तिच्याकडेच बघत राहिली.

"आपा, या जागी कोणी राहत होतं का?"

अनाबीबीनं दचकून विचारलं, "तुला कोण बोललं?"

"कोणी नाही. माती सांगतेय. माणसं राहिलेल्या भिंतीत असा क्षार धरतो. त्यावर तुम्ही युरियाही ओतलाय, पाणीही फिरवलेलं नाही. फळं सडतात ना?"

हुलकरनं दुसऱ्यांदा माती आणायला लावली, उरलेल्या शेतातली, वेगळ्या पिशवीत. ती माती निघाली उपाशी, स्फुरद जवळजवळ नाहीच. अति तिथं माती म्हणतात. इथं एका कोपऱ्याला अजीर्ण झालं होतं आणि बाकीचं शेत रिकाम्या पोटी उभं होतं. हुलकरनं सांगितलं, कोपऱ्याला युरियाचा दाणा नको, दोन-तीन हिवाळे पाणी फिरवा.

"म्हणजे वाहून जाईल?" अनाबीबीनं विचारलं.

"जास्तीचं जाईल."

"आणि उरेल ते?"

"साधी माती, आपा. सगळ्या शेतासारखी."

घरी येताना तिला रडूही आलं नाही. आपणच वाढून वाढून त्याला नासवलं, एवढंच डोक्यात फिरत होतं. मत्याकूबला तिनं सगळं सांगितलं, ओढणीआडच्या युरियासकट. पुतण्याला शेत द्यायचं त्यानं पुन्हा काढलं नाही.

पाण्याची पाळी आली त्या सकाळी सगळं शेत पाण्यानं भरलं. मधे तेवढा कोपरा कोरडा, कडेनं मिठाची पांढरी रेघ. मत्याकूब कुदळ घेऊन बांधावर गेला, उगारली आणि तशीच खाली घेतली. मग दांडा तिच्याकडे केला.

"मद्रिमची आई, तू फोड. मी एकदा भिंती फोडल्या. पुन्हा माझ्याच्यानं होणार नाही."

इतकी वर्षं त्यानं मनात काय घेऊन दिवस काढले, हे तिला तेव्हा कळलं. तिनं कुदळ घेतली आणि बांधाला वाट केली. पाणी आत शिरलं. इतके हिवाळे कोरडी ठेवलेली माती बुडबुडे सोडत गटागटा पाणी पिऊ लागली. खेळून आलेलं पोर तांब्याला तोंड लावतं ना, तसाच आवाज. दोघं ऐकत उभी राहिली.

अनाबीबी खाली वाकली आणि म्हणाली, "सावकाश पी रे, ठसका लागेल."