चंद्राभोवती अडकलेला तम्मा

माझ्या पायाला प्लॅस्टर पडलं तेव्हा मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत ड्रॉइंगचं काम बघत होते. घरच्याच पायरीवरून घसरले, घोट्याजवळचं हाड मोडलं आणि डॉक्टरांनी सहा आठवडे घरी बसवलं. नवरा सकाळी कागलला कामावर जायचा. मागं राहायचो मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्ती म्हणते. त्यांचं माहेर निपाणीच्या पलीकडचं, त्यामुळं बोलण्यात मधेच कानडी येतं. लग्नाला बारा वर्षं झाली होती, तरी आमचं दोघींचं बोलणं भाजी काय करायची आणि दूध आलं का, याच्या पुढं फारसं गेलेलं नव्हतं. भांडण कधीच नव्हतं. बोलायला विषय नव्हता, इतकंच.

पुण्यात इंजिनिअरिंग शिकणारी माझी भाची बघायला आली आणि जाताना माझ्या कॉम्प्युटरवर एक गेम टाकून गेली. रॉकेट आपणच बांधायचं, आपणच उडवायचं.

"ह्यात सगळं गणित खरं आहे, मावशी. नशिबावर काही होत नाही," ती म्हणाली. "तुला आवडेल."

नशिबावर काही होत नाही म्हटल्यावर मला ते आवडणारच होतं. पंधरा वर्षं मी लोखंडी कास्टिंगची ड्रॉइंग काढते आहे. भार कुठं येतो, ताण कुठं पडतो, हे मला कागद बघून सांगता येतं. तरी माझं पहिलं रॉकेट थोडं वर गेलं, त्यानं कोलांटी मारली आणि ते नाकावर आपटलं. दुसऱ्याचंही तेच. तिसरं बांधण्याआधी मी विचार केला. वेग वाढला की हवा नाकाला ढकलते, आणि शेपटीकडं तिला अडवायला काहीच नाही. बाणाला पिसं मागंच का लावतात? मी खाली चार पंख लावले. रॉकेट सरळ गेलं. मी एवढ्यानं ओरडले की आत्ती स्वयंपाकघरातून धावत आल्या.

"काय झालं? पडलीस काय?"

"न्हाय आत्ती, उडालं!"

त्यांनी पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग त्या भुईमुगाच्या शेंगांची पाटी घेऊन आल्या आणि शेजारी बसून फोडायला लागल्या. दुसऱ्या दिवशी दुपारीही आल्या. मग रोजच.

पृथ्वीभोवती फिरत राहायला मला आठवडा लागला. नुसतं वर गेलेलं खालीच येतं. आडवं इतक्या जोरात पळवावं लागतं की पडता पडता जमीनच चुकली पाहिजे. ते जमल्यावर मी चंद्राच्या मागं लागले. यानात एक माणूस बसवला होता, पांढऱ्या टोपातला, गोल चेहऱ्याचा. आत्ती त्याला तम्मा म्हणायच्या. कानडीत धाकट्या भावाला तसं म्हणतात.

तम्मा चंद्रावर उतरला. पण सपाट जागा शोधण्यात मी इंधन फार जाळलं. परत उडालो, चंद्राभोवतीच्या कक्षेत कसेबसे पोहोचलो आणि इंजिन बंद पडलं. टाकी कोरडी. घराकडं यायला काहीच उरलं नव्हतं. चूक माझीच होती, आणि ती कुठं झाली हेही मला कळलं होतं.

संध्याकाळी नवऱ्यानं बघितलं. "त्यात काय एवढं? आधी सेव्ह केलेलं असंल की. ते उघड."

"म्हंजी काय करायचं?" आत्तींनी विचारलं.

"मागं जायचं, आई. मग हे झालंच न्हाय असं व्हतंय."

"झालंय की! मी बघितलंय न्हवं?" आत्ती कडाडल्या. "माणूस वर पाठवलाय. आता आणायचा."

नवरा हसला. मी हसले नाही. त्यांचं म्हणणं मला पटलं होतं. कारखान्यात खराब निघालेला माल वितळवता येतो, पण तो खराब निघालाच नव्हता असं म्हणता येत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी दुसरं यान बांधायला घेतलं. दोन जणांना बसायची कुपी, त्यातली एक जागा रिकामी, इंधन लागेल त्याच्या दीडपट.

"ह्या खेपेला बाई पाठव," आत्ती म्हणाल्या.

मी बाई पाठवली. ती व्यवस्थित चंद्राच्या कक्षेत गेली. तम्मा त्याच वाटेवर सत्तरेक किलोमीटर पुढं होता. मी त्याच्या दिशेनं जोर दिला. अंतर थोडं कमी झालं आणि मग वाढायलाच लागलं. पुन्हा जोर दिला, आणखी वाढलं. मी गेम थांबवला आणि कागद-पेन्सिल घेतली. दोन दुपारी वर्तुळं काढण्यात गेल्या. तिसऱ्या दिवशी मी आत्तींना सांगितलं, "आता ब्रेक मारणार."

"फुडच्याला गाठायचं आन् ब्रेक?"

"व्हय. जोर दिला की आपलं रिंगण मोठं होतंय, आन् मोठ्या रिंगणाला वेळ लागतो. वेग कमी केला की आपण खाली येतो. तिथली फेरी लहान."

आत्तींनी क्षणभर डोळे बारीक केले. "मळणीत मधल्या खांबाजवळच्या, मेढीजवळच्या बैलाची फेरी लहान असती, तसं."

"अगदी तसंच."

"मग मार की!"

मी वेग कमी केला. यान खालच्या कक्षेत उतरलं आणि दर फेरीला तम्माच्या जवळ सरकत गेलं. चौथ्या फेरीत मी त्याच्या कक्षेला परत येऊन वेग जुळवला. दोन्ही यानं शंभरेक मीटरवर एकमेकांसमोर स्थिर झाली. खाली करडा चंद्र सरकत होता.

तम्माला बाहेर काढलं. त्याच्या पाठीवर हवेच्या झोतावर चालणारं छोटं यंत्र होतं. पहिल्यांदा तो बाईच्या यानाला लावलेल्या शिडीच्या बाजूनं पुढं निघून गेला.

"अरं, धर की! धर!" आत्ती उठून उभ्याच राहिल्या. मांडीवरच्या शेंगा फरशीवर पसरल्या.

मी त्याला वळवलं आणि अगदी हळू परत आणलं. त्यानं शिडी धरली. आत्तींनी हात जोडले, कोणाला ते मी विचारलं नाही.

परतीच्या वाटेवर कुपी लालभडक झाली तेव्हाही त्या घाबरल्या नाहीत. कुपीच्या बुडाला उष्णता अडवणारी ढाल बसवताना त्यांनी बघितलं होतं. पॅराशूट उघडलं आणि दोघं समुद्रात पडली.

"पाण्यात पडली की गं!"

"पाण्यातच पाडायची असतात, आत्ती."

"मग ठीक हाय."

नवरा घरी आला तेव्हा गॅसवर काहीच नव्हतं. त्यानं आईला विचारलं, जेवायचं काय?

"आज तूच बघ काय तर," आत्ती म्हणाल्या. "आमी आत्ताच चंद्रावरनं आलोय."

त्यानं पिठलं केलं. बरं झालं होतं.

प्लॅस्टर निघालं आणि मी कामावर रुजू झाले. गेमला आता फक्त रविवारची दुपार मिळते. सध्या मंगळाची तयारी चालली आहे. मी तिघांचं यान आखलं होतं. आत्तींनी ते नीट बघितलं आणि नामंजूर केलं.

"आदी रिकामं पाठव. वाट कळू दे. मग माणसं."

मी माणसांच्या जागा काढून टाकल्या आणि तिथं आणखी एक इंधनाची टाकी बसवली.