छबुबाईचं विरजण

पालीच्या छबुबाईच्या घरचं विरजण कधी तुटलं नाही, असं गावात म्हणत. सासू भिवराबाई ज्या विरजणावर दही लावायची, त्याच विरजणावर सुनेनं लावलं. आजचं चमचाभर उद्याच्या दुधात, उद्याचं परवाच्या. दारात एकुलती एक म्हैस; पण बीडच्या बाजारात छबुबाई मडकं घेऊन बसली, की उन्हं चढायच्या आत मडकं रिकामं.

तिच्या शेजारी चाँद फळवाल्याचा गाडा असे, आणि गाड्याच्या सावलीत त्याची बायको अजमतबी. दोघींची दोस्ती जमली ती भांडणातूनच.

"आमच्या आत्याबाईचं दही हाय. जसंच्या तसं," छबुबाई सासूचा हवाला देऊन गिऱ्हाइकाला सांगे.

"काय जसंच्या तसं?" अजमतबी मध्येच तोंड घाली. "म्हैस दुसरी, मडकं दुसरं. उन्हाळ्यात आंबट, थंडीत गोड. मग तेच कसं गं?"

"म्हैस बदलंल. विरजण तर तेच हाय ना?"

"कालचं तर लोकं खाऊन बी बसले!"

गिऱ्हाईक हसून निघून जाई. वाद मात्र पुढच्या बाजारापर्यंत पुरे. अजमतबीला पहिली मुलगी झाली, तेव्हा छबुबाईनं वाटीभर दही विरजणाला म्हणून नेऊन दिलं. जाता जाता ऐकवलंच, "सांभाळ. बदलू नगंस."

मग बहात्तर साल आलं. बिंदुसरेच्या तलावाच्या तळाला भेगा पडल्या. म्हैस चारा छावणीत नेली, ती तिथंच गेली. छबुबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. शेजारून कपभर दूध मिळे तोवर तिनं विरजण कसंबसं चालवलं. पुढं तेही मिळेना. दह्याची शेवटची कवडी फडक्यात बांधून ठेवली, तिला बुरशी चढली. म्हशीसाठी ती चारचौघांत रडली होती. दह्यासाठी रडलं तर लोक हसतील, म्हणून परसात जाऊन रडली.

पाऊस झाला, दोनतीन वर्षांत गाव सावरलं. गावात दूध संस्था निघाली आणि तिच्यामार्फत छबुबाईला संकरित गाय मिळाली. सकाळचं दूध संस्थेत जाई, संध्याकाळचं थोडं घरी राही. पण विरजणाला शेजारणीकडं जायला तिचा पाय उचलेना.

एक दिवस अजमतबी एसटीनं पालीला आली. पदराखालून तिनं लहानशी बरणी काढली.

"घे. तुझंच हाय."

"दुष्काळात तू दूध कुठनं आणलंस?"

"दारात शेळी बांधली. गाड्यावरच्या सालीवर जगली बिचारी."

"शेळीचं?" छबुबाईचा चेहरा उतरला. "मग हे आमचं कसं? दूध तुझं, हात तुझा."

"आता! बाजारात तर म्हणायचीस, दूध बदललं तरी विरजण तेच. आज माझी बारी आली तर उलटी बोलतीस?"

छबुबाईनं बरणी हातात घेतली. अजमतबीचा आवाज मऊ झाला. "लावून तर बघ, छबू. न्हाई आवडलं तर गाईलाच पाज."

छबुबाईनं संध्याकाळच्या दुधाला ते विरजण लावलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मडक्यात बोट घातलं. दही पातळ होतं, जरा वेगळ्याच वासाचं. हे ते नव्हतं. तरी तिनं वाटी भरून भिवराबाईपुढं ठेवली. म्हातारीला आता नीट दिसत नव्हतं, जीभ मात्र शाबूत होती. तिनं सावकाश चाखलं, वाटी पुसून खाल्ली.

"आत्याबाई, तुमच्या हातचं ते न्हाई राहिलं," छबुबाई म्हणाली.

"माझ्या हातचं?" भिवराबाई हसली. "ते तर तू लगीन होऊन आलीस तवाच गेलं. माझं दही आंबट हुतं, पोरी. तू दूध लई आटवायचीस. तुझं गोड लागायचं."

"मग येवढी वर्सं बोलला कावून न्हाई?"

"चांगलं हुतं म्हून. तू सगळ्यांला सांगायचीस, आत्याबाईचं हाय. मला बी बरं वाटायचं." तिनं वाटी पुढं केली. "आन, वाढ अजून."

छबुबाईनं वाढलं. तिनं तसंच पुढं होऊन सासूच्या मांडीवर डोकं ठेवलं, आणि म्हातारी खात खात डाव्या हातानं ते थोपटत राहिली.

पुढच्या बाजारात तिनं हे सगळं अजमतबीला सांगितलं. अजमतबी जिंकल्याच्या थाटात शड्डू ठोकेल असं तिला वाटलं होतं. पण ती विचारात पडली.

"मग जुनं असलं म्हणजे चांगलं, असं न्हाई. नवं म्हणजे चांगलं, असं बी न्हाई. मग चांगलं म्हणजे काय गं?"

"खाणारा पुन्हा मागतो, ते," छबुबाई म्हणाली.

"आमचे हे बी पुन्हा पुन्हा बिडी मागतात!"

छबुबाई विचार करू लागली. गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं तरी तिचं लक्ष नव्हतं. शेवटी म्हणाली, "बिडीनं भावजींचा खोकला वाढतो. आत्याबाई पोटभर खाऊन निजल्या."

अजमतबीला हे पुरतं पटलं नव्हतं. मान मात्र तिनं हलवली. गाड्यावरचं एक केळं सोललं आणि अर्धं छबुबाईच्या हातावर ठेवलं.