पाटीवरची प्रश्नचिन्हं

राहनाळच्या एका गोदामात मुकादमाची एक पद्धत आहे. आज काम नाही, हे तो सकाळी कधीच सांगत नाही. एखादी गाडी आलीच तर माणसं हाताशी असावीत म्हणून मजूर बायकांना दुपारपर्यंत गेटवर बसवून ठेवतो. तोवर शेतावरची मजुरीही हातची जाते.

म्हणून काम आहे की नाही हे सकाळीच दाखवणारी विजेची पाटी गेटवर लावायचं ठरलं तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. तिचा प्रोग्राम लिहायचं काम आमच्या कंपनीत माझ्याकडे होतं. खारबावकडून येणारी एक बाई, पन्नाशीत वर्गाला जाऊन वाचायला शिकलेली, मला म्हणाली, “दादा, मराठीत टाका. मी सगल्यांना वाचून दाविन.”

मी अवतरणचिन्हांत ‘आज काम आहे’ आणि ‘आज काम नाही’ लिहिलं. माझ्या लॅपटॉपवर झकास दिसलं. पण पाटीत जाणारा प्रोग्राम आमच्या मुख्य ऑफिसच्या मशीनवर तयार होतो. तिथला कम्पायलर, म्हणजे आमचं लिखाण मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, बाबा आदमच्या काळातला. त्या महाशयांनी प्रत्येक मराठी अक्षराच्या, काना-मात्रेच्या जागी मुकाट एकेक प्रश्नचिन्ह ठेवून दिलं. अक्षरांऐवजी संगणकात त्यांच्यासाठी ठरलेले आकडे घालून पाहिले, तेही त्याच्या पचनी पडले नाहीत.

नवा कम्पायलर बसवा म्हणून किती विनवण्या केल्या. बाकीच्या गिऱ्हाइकांचं काम यावरच चालतं, हात लावायचा नाही, असं उत्तर आलं. वर सल्ला, इंग्रजीत लिहा. गेटवर इंग्रजी वाचणार कोण?

शेवटी पाटी तशीच लागली. पहिल्या सकाळी गेलो तर पाटीभर प्रश्नचिन्हं, बाई समोर उभी आणि बाकीच्या तिच्या तोंडाकडे बघतायत. “माझंच वाचन कच्चं हाय दादा,” ती खालमानेने म्हणाली. “इसरले वाटतं.”

“ऊपर क्या देखते हो, मेरे को पूछो ना,” मुकादम हसत म्हणाला. त्याचा संताप आला, पण पाटी माझीच होती.

चूक मशीनची आहे, हे तिला काही केल्या पटेना. शेवटी तिला बाजूला घेऊन सांगितलं, अक्षरं आणि काना-मात्रा मिळून शेवटच्या शब्दाला तीन खुणा असल्या तर ‘आहे’, चार असल्या तर ‘नाही’. सांगताना माझी मलाच लाज वाटत होती.

तिने बोटांवर मोजलं. चार. बायका शेताच्या वाटेला लागल्या. जाता जाता तिने मला विचारलं, “म्हंजे आता वाचायचं न्हाय, निस्तं मोजायचं ना?”