शिंपीकाका दुकानात आडवे का झाले

शिंपीकाका प्यायला लागले, अशी बातमी आमच्या बिल्डिंगभर पसरली होती. पुरावाही भक्कम. छताच्या सामानाच्या दुकानात भर दुपारी ते फरशीवर उताणे पडलेले, हे तळमजल्यावरच्या मावशींनी स्वतः पाहिलं होतं. "अगं बाई, डोळे सताड उघडे! वर बघत होते आणि स्वतःशीच नाही-नाही म्हणत होते!" मावशींचा तो चिरका सूर मला हुबेहूब येतो. मी तो घरोघरी करून दाखवला.

मग आईनं मला काकांबरोबर त्याच दुकानात नमुने उचलायला धाडलं आणि खरं काय ते कळलं. काका शुद्धीत होते. जरा जास्तच.

अर्धांगाच्या झटक्यानंतर काकू उताण्याच पडून असायच्या. वाचा गेलेली, मानही वळत नव्हती. दिवसभर डोळ्यांपुढे फक्त छत. त्यात वरच्यांच्या बाथरूमचं पाणी मुरलं आणि गिलाव्याचा ढपला नेमका उशीशेजारी कोसळला. गळती बुजवली, पण छताला खरूज झाल्यासारखं दिसायला लागलं. काकू ते बघायच्या आणि डोळ्यांतलं पाणी कानात ओघळायचं. फॉल्स सीलिंग करायचं ठरलं. कशाचं, ते ठरेना.

"घालणाऱ्याच्या अंगाला लावून बघितल्याशिवाय मी कधी कापड कापलं नाही," म्हणत काका दुकानात पुन्हा आडवे झाले. "हं, धर वर."

दुकानदार रडकुंडीला आला. "काका, उठा हो! गिऱ्हाईक पळतंय! जिप्सम घ्या, डोळे झाकून घ्या!"

"डोळे झाकून घ्यायचं असतं तर आडवा कशाला झालो असतो?"

जिप्सम तर बादच झालं. पुन्हा पाणी मुरलं तर ते फुगतं, असं ठेकेदारानं सांगितलं होतं. "परत हिच्यावर काही पडलं तर?" काकांनी तो नमुना बाजूला सारला.

बाकीचे नमुने घरी आणले. मी स्टुलावर चढून एकेक वर धरायचे, आणि काका काकूंच्या गालाला गाल लावून आधी वर, मग त्यांच्या डोळ्यांकडे बघायचे. नावडलं की काकू डोळे मिटायच्या. भोकाभोकांची चौकोनी पाटी धरली, तर त्यांचे ओठच थरथरले. "काढ, काढ! दवाखान्यात हीच होती!" काका ओरडले. मग चकचकीत पीव्हीसी. त्यात अख्खा दिवा उतरला. डोळे मिटले.

काका पलंगाची कड धरून बसले. "उद्या माणूस येणार ठोकायला. मी हिला काय देऊ गं? सांगत काहीच नाही. नुसती मिटून घेते."

दोनच उरले होते, दोन्ही पीव्हीसीचेच. एक ढगांचं चित्र असलेला, एक साधा, दुधी, बिनचकाकीचा.

"ढग!" मी म्हटलं. "पैज लावता?"

"खोटं आभाळ हिला चालायचं नाही. साधाच. हरलीस तर मी सांगेन त्याची नक्कल करायची."

"कुणाचीही!"

ढगांकडे काकूंनी बराच वेळ पाहिलं. मी ओरडणारच होते, तोच डोळे मिटले.

साधा नमुना धरला. डोळे उघडे. उघडेच. माझे हात भरून आले, तरी काका तो खाली घेऊ देईनात.

"हरलीस."

"कुणाची करू? दुकानदाराची? की मावशींची?"

काकांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "हिची," ते म्हणाले. "जिन्यातून मला हाक मारायची ना, ती."

 पैज ती पैज. मी स्टुलावरून उतरले, नमुना छातीशी धरला आणि हाक मारली, "अहो, पुरे ते मशीन! जेवायला चला!"

"आलो," काका म्हणाले.