वरच्या दोन तारा

अरुणदादा गेल्याचं वहिनींनीच फोन करून सांगितलं. मी फूलबागेत सकाळचा फिरायला गेलो होतो. "सुधीर, हे गेले. झोपेतच. घाईत स्कूटर चालवू नकोस, आता घाईचं काही राहिलेलं नाही," एवढंच म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता, माणसाला जागेवर बसवणारा. मी बाकावर बसलो, बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली आणि मग जयेंद्रगंजला, दादाच्या घराच्या रस्त्याला लागलो. अरुणदादा माझा आतेभाऊ, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. या गोष्टीला आता काही आठवडे झाले आहेत, म्हणून जरा शांतपणे लिहिता येतंय.

दादा गिटार वाजवायचा. तरुणपणी ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या एका ऑर्केस्ट्रात, नंतर नोकरी सांभाळून लग्नसमारंभांत, आणि निवृत्तीनंतर फक्त घरी. शिकला तो एका हिंदीभाषी मास्टरजींकडे, त्यामुळे वाद्याबद्दल बोलताना त्याची भाषा आपोआप बदलायची. एरवीही त्याचं मराठी आम्हा सगळ्या ग्वाल्हेरवाल्यांसारखंच, अर्धं हिंदीत भिजलेलं. वहिनी साताऱ्याच्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी दादाचं मराठी दुरुस्त करायचं काम हाती घेतलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही. दादा म्हणायचा, "मला बुखार आला आहे," की स्वयंपाकघरातून यायचं, "ताप." तो म्हणायचा, "चल, तापच सही."

सहा वर्षांपूर्वी दादाचा उजवा खांदा गेला. गिटारचं पोट मोठं, हात त्याच्यावरून वळवून तारांपर्यंत न्यावा लागतो, आणि नेमकं तेच त्याला जमेना. डॉक्टरांनी गिटार बंद करायला सांगितली. दादा ऐकणाऱ्यांतला नव्हता. डोळ्यांसमोर असेल तोवर हात जाणारच, म्हणून वहिनींनी ती कव्हरमध्ये घालून कपाटावर टाकायला लावली. महिन्याभरात दादाने कुठूनशी युकेलेली आणली. चार तारांचं, छातीशी धरायचं एवढंसं वाद्य. मी पाहिलं तेव्हा मला वाटलं, नातवासाठी खेळणं आणलंय. "तू पण शिक," तो म्हणाला, "दिवसभर लोकांची बिजलीची बिलं तपासतोस, तुझ्या बोटांना दुसरं काही माहीतच नाही." आणि मी खरोखर शिकलो. दर रविवारी जायचो. मी तोंडाने मात्रा मोजत वाजवायचो, तर दादा वहिनींना हाक मारून म्हणायचा, "अगं, ऐक, मीटर रीडिंग चालू आहे." तासाच्या शेवटी तो एक धून वाजवायचा, त्याची स्वतःची. हळूहळू मलाही ती बसली. एकेक तार छेडत जायची धून होती, बोटं पाठ झाली की डोळे मिटून वाजायची.

दिवसकार्य आटोपल्यावर वहिनींनी मला बोलावून घेतलं. गिटार खाली काढून दिवाणावर ठेवली होती. "ही तुला द्यायची असं सांगून गेलेत," त्या म्हणाल्या. "आणि निरोप आहे, वरच्या दोन तारा खाली उतरवून ठेव." मी कव्हर उघडत होतो. वहिनी बसल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "सुधीर, तू खोटं बोलत नाहीस म्हणून तुला विचारते. मी ही वर टाकली ती चांगल्यासाठीच टाकली. पण सहा वर्षं त्यांनी त्या खेळण्यावर दिवस काढले... यांचं वाजवणं मी काढून घेतलं का रे?"

मला पटकन 'नाही' म्हणता आलं नाही. दादाने तक्रार केली नव्हती हे खरं, पण तक्रार न करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. आणि गिटारवरून युकेलेलीवर आलेल्या माणसाचं काय होतं हे मला कसं कळणार, मी गिटार कधी धरलीच नव्हती. "धरून बघतो, मग सांगतो," असं म्हणून मी ती घरी आणली.

पहिल्यांदा मोजमाप घेतलं, माझी सवयच ती. युकेलेलीची तार अडतीस सेंटीमीटर, गिटारची पासष्ट. युकेलेलीवर सगळे पडदे बोटांच्या टप्प्यात असतात, इथे शेवटच्या खुंट्यांकडे हात न्यायचा तर कोपर अंगापासून सुटतं. नायलॉनच्या तारा दाबायची सवय झालेली बोटं पोलादी तारांवर पाच मिनिटांत चुरचुरायला लागली. मांडीवर एवढं मोठं धूड, आणि तारा कुठे आहेत ते मान वाकवून शोधायचं. निरोपाप्रमाणे वरच्या दोन तारा पीळ सैल करून उतरवल्या, तर त्या पडद्यांवर आपटून भणभणायला लागल्या. त्या भणभणाटात बाकीच्या चारही ऐकू येईनात. आठवडाभर खटपट केली. वाटलं, हे वाद्य आणि ते वाद्य यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, आणि दादाची सहा वर्षं खरंच खेळण्यावर गेली. हे वहिनींना कसं सांगावं, याची मला काळजी लागून राहिली.

पण सांगायचं ते आधी नीट तपासायचं, म्हणून रविवारी गिटार घेऊन जयेंद्रगंजला गेलो. "वहिनी, दादाचे शब्द नेमके काय होते?"

"तेच, तारा खाली उतरवून ठेव."

"हे तुमचं मराठी झालं. तो काय म्हणाला?"

त्या जरा आठवून म्हणाल्या, "'वरच्या दोन खाली राहू दे.' असं अर्धवट का कुणी बोलतं? मी नीट करून सांगितलं."

मला हसू आलं, आणि मग हसूही येईना. दादा तारांबद्दल बोलत होता, म्हणजे मास्टरजींच्या भाषेत बोलत होता. "वहिनी, हा खाली आपला नाही. हिंदीतला आहे. खाली म्हणजे रिकाम्या. वरच्या दोन रिकाम्या राहू दे, तिकडे जाऊच नकोस, असं म्हणत होता तो."

तिथेच बसून दोन्ही तारा पुन्हा सुरात लावल्या आणि त्यांना हात लावला नाही. उरल्या चार. डोळे मिटून युकेलेलीवरची बोटं ठेवली, आहेत तशी, फक्त जरा पसरून. ती बसली. उलट इथे बोटांना ऐसपैस जागा होती, एकमेकांवर चढत नव्हती. धून सुरू केली. युकेलेलीची सगळ्यात वरची तार बारीक आवाजाची असते, इथे त्याच जागी भरदार सूर निघाला, त्यामुळे धुनेचा चेहराच बदलला. लाकूड बरगड्यांना लागून घुमत होतं. हे मात्र युकेलेलीत नाही.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "हे तुला कुठून येतं?" त्या म्हणाल्या. "हे तर लग्न झालं तेव्हाचं. मी नवी होते, तेव्हा संध्याकाळी वाजवायचे."

"मी तर दर रविवारी वाजवतोय. बोटं तीच आहेत."

"ते टिंगटिंग होतं ते हे?"

"हेच. त्याने बोटं बदललीच नाहीत, वहिनी."

त्या दारातून पुढे आल्या. मग विचारलं, "म्हणजे काहीच गेलं नाही त्यांचं?"

असं मला म्हणता आलं असतं, पण ते खरं नव्हतं. "गेलं," मी म्हणालो. "सहातल्या दोन तारांएवढं गेलं. त्याहून जास्त नाही."

"दोन," वहिनी म्हणाल्या आणि अखेर खुर्चीत बसल्या. "दोन मी सोसेन."

मी गिटार त्यांच्याकडेच ठेवली. माझ्या घरी जागा कमी आहे, आणि रविवारी तिकडे जायला काही कारणही हवं. दिवाणाशेजारी उघडीच असते. परवा वहिनींचा फोन आला. भाजीवाल्याशी त्या दारातून जरा चढ्या आवाजात बोलत होत्या, तर आत गिटार आपोआप घुमली, असं सांगत होत्या. मी समजावून सांगितलं की मोठ्या आवाजाने जाड तारा हलतात, त्यात नवल काही नाही.

"ते असेल," वहिनी म्हणाल्या. "मी आवाज चढवला की आतून नुसतं हूं येतं. पहिल्यासारखंच आहे सगळं."