तिन्हींची डावी बाजू

ऑफिसात सगळे तिला वहिनी म्हणायचे. कुणाची वहिनी, ते आता कुणालाच आठवत नव्हतं. डॉक्टरांनी घाईघाईत रेकॉर्ड केलेले रिपोर्ट ऐकायचे आणि टाइप करायचे, हे तिचं बावीस वर्षांचं काम. डॉक्टर खोकत बोलत, जांभया देत बोलत. वहिनी त्यातून औषधाचं नाव बिनचूक उचलायची.

हेडफोन जुने झाले तेव्हा साहेबांनी नमुन्याला तीन मागवले. "वहिनी, आठवडाभर वापरून बघा. तुम्ही म्हणाल तो सगळ्यांना घेऊ."

पहिला इतका घट्ट, की दुपारपर्यंत चष्म्याच्या काड्या कानामागे रुतल्या आणि डोकं ठणकायला लागलं. दुसरा कानात खुपसायचा. वजनाला काहीच नाही, पण स्वतःचं गिळणंही ऐकू यायचं, आणि मान वळवली की निसटायचा. तिसरा मऊ, अख्खा कान झाकणारा. तो घातला आणि पंख्याची घरघर थांबली, खांदे आपसूक सैल पडले. तासाभरात कान घामेजले, तेवढं चालण्यासारखं होतं.

शुक्रवारी ती साहेबांना म्हणाली, "तिसरा बरा आहे. पण तिन्हींची डावी बाजू खराब आहे, आवाज बसका येतो. दुकानदाराला विचारा."

शेजारच्या टेबलावरच्या बाईने एकेक करून तिन्ही लावून पाहिले. "वहिनी, दोन्हीकडून सारखंच येतंय की हो."

वहिनीने तिसरा हेडफोन उलटा घातला. डावी वाटी उजव्या कानावर आली आणि तिच्यातून आवाज स्वच्छ आला. डाव्या कानात मात्र पुन्हा तेच, भिंतीपलीकडून कुणी बोलावं तसं. तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. त्याने हातातला घास ताटात परत ठेवला.

"मी तुझ्या डावीकडे बसतो ना," तो म्हणाला. "मला वाटायचं, तू मुद्दाम उत्तर देत नाहीस. म्हणून मीच बोलणं सोडलं."

"कधीपासून?"

"झाली तीनेक वर्षं."

भांडावं की हसावं, तिला कळेना. दोन्हीचं त्राण नव्हतं.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं सांभाळा. सोमवारी तिने साहेबांना स्पष्टच सांगितलं, "यापुढे अर्धा दिवसच ऐकेन. उरलेला वेळ इतरांचं टाइपिंग तपासेन." साहेबांनी आढेवेढे घेतले, पण तिच्याइतकं बिनचूक कुणाचंच नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं. ते तयार झाले.

त्या दिवशी घरी आल्यावर ती चपला न काढताच खुर्चीत बसली, पर्स मांडीवर तशीच. नवऱ्याने चहा ठेवला आणि स्वयंपाकघरातून काहीतरी विचारलं.

"इकडे येऊन सांग," ती म्हणाली.