सारवलेलं टेनिस कोर्ट

सारवलेल्या अंगणाचा ओला वास आला की हिंगोलीतलं आमचं टेनिस कोर्ट आठवतं. निजामाच्या राजवटीचं ते शेवटचं वर्ष. वडील वकील. शेजारच्या खानडॉक्टरांबरोबर ते शेणाने सारवलेल्या त्या कोर्टावर रोज खेळत. खेळ संपला की ते दोघं आणि मी, आम्ही तिघं विलायतेतल्या हिरवळीवरच्या स्पर्धेवरून भांडायचो; मी एका अमेरिकन खेळाडूची बाजू घ्यायचे. तसली हिरवळ कुणीच पाहिली नव्हती. आपल्याकडं चेंडू संथ उसळतो, म्हणजे तिकडंही सबुरीने खेळणाराच जिंकणार, असं वडील ठासून सांगत.

त्या संध्याकाळी ओल्या सारवणावर बुटांचे ठसे होते. रझाकारांनी तिथं कवायत केली होती. खेळ झालाच नाही. तरी मी म्हणाले, "माझा अमेरिकेचा पोरगा फायनल गाठतो का न्हाई बघा!"

डॉक्टर हसले नाहीत. "वकीलसाब, फायनलची वाट नका बघू. लेकरांना घेऊन आजच निजामाच्या हद्दीपलीकडं वाशीम गाठा."

"अन् तुमी?" वडिलांनी विचारलं.

"मी मुसलमान. मला कोण तकलीफ देणार?"

तेव्हा आम्हालाही ते बराबर वाटलं.

निजाम गेल्यावर आम्ही वाशीमहून परतलो. पावसाने कोर्टावर हिरवंगार गवत माजलं होतं, आणि पलीकडं खानडॉक्टरांचं घर रझाकारांवर उगवलेल्या सुडात जळून काळं पडलं होतं.